यावेळी प्रामुख्याने उपस्थित होते

जिल्ह्याच्या पेपरात बातमी कोणी वाचत नाही, बातमीच्या शेवटची नावं वाचतात. हे मला पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात शिकवलं नाही, मोहाडी तालुक्यातल्या एका माणसानं शिकवलं. नदीकाठच्या गावात तो आमच्या पेपरचा एजंट होता. तीन एकर धानाची शेती, घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, आणि रोज सकाळी सायकलला गठ्ठा बांधून घरोघरी पेपर. मी तालुका वार्ताहर म्हणून नवा होतो. त्याच्या गावच्या नळयोजनेवर मी एक खरमरीत बातमी लिहिली होती आणि गावात ती एकानंही वाचली नव्हती. मी चिडून त्याला विचारलं, तर तो दुकानात गूळ तोडता तोडता म्हणाला, "कायले वाचतीन जी? नावच नाही ना कोनाचं. शेवटी नावं टाका. मंग पाहा पेपर पुरते का."

मी टाकली. पेपर पुरला नाही.

त्यानंतर सतरा वर्षं मी तेच केलं. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला, मोर्चाला, सत्काराला पत्रकार गेला की निघताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी येते. वहीचं फाडलेलं पान असतं, त्यावर नावं. ती बातमीच्या तळाशी जशीच्या तशी उतरवायची: यावेळी प्रामुख्याने अमुक, तमुक उपस्थित होते, यशस्वितेसाठी अमक्यांनी परिश्रम घेतले, आभार तमक्यांनी मानले. चिठ्ठीतला प्रत्येकजण तिथं असायचाच असं नाही. कोणी सासुरवाडीला गेलेला, कोणी तापानं पडलेला, कोणाचं नाव नाही आलं तर तो वर्षभर रुसून बसणार म्हणून घातलेलं. मी कधी विचारलं नाही. कोणताच वार्ताहर विचारत नाही. गर्दीत मोजून बारा माणसं असताना मी तीस नावं छापली आहेत, आणि त्या खोटेपणानं कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. उलट कात्रणं फ्रेम करून भिंतीवर लागली.

एजंटच्या चिठ्ठीत तर एक नाव ठरलेलंच असायचं, त्याच्या मुलीचं. ती चौथीत असल्यापासून. वृक्षारोपण असो की सेवानिवृत्तीचा निरोप, शेवटी 'कु.' लावून ती हजर. "आमच्या पोट्टीचं टाकून द्या जी, तिले वाचाची आवड लागीन," असं तो म्हणायचा. आणि खरंच लागली. तिनं सगळी कात्रणं एका फाइलीत लावून ठेवली होती. मला काका म्हणायची. मी गेलो की चहा आणायची आणि पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायची. पुढे ती बीए झाली, सरकारी भरतीसाठी पळायचा सराव करायला लागली, फॉर्म भरायला लागली. तिचे फॉर्म मीच तपासून द्यायचो.

आता माझं सांगतो. पेपरनं भंडाऱ्याचं ऑफिस बंद केलं, पानं नागपुरात लागायला लागली, आणि आम्हा जिल्ह्याच्या लोकांना सांगण्यात आलं की बातम्या पाठवा, पण त्याआधी जाहिराती पाठवा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची यादी मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा चांगली पाठ झाली. ज्याच्याविरुद्ध सोमवारी लिहायचं त्याच्याच दारात बुधवारी शुभेच्छांच्या अर्ध्या पानासाठी उभं राहायचं. शेवटी शेवटी मी सोमवारचं लिहिणं सोडून दिलं, म्हणजे निदान बुधवारी मान खाली घालावी लागू नये. असा मी निर्भीड पत्रकार होतो. व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलंही होतं.

तेव्हा जिल्ह्यातल्या कायदा-सुव्यवस्था पाहणाऱ्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी जागा निघाली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक माझ्यापेक्षा वाईट नाहीत. प्रसिद्धीपत्रकं लिहायची, पेपर आणि व्हॉट्सअॅपवरचे ग्रुप पाहायचे, आणि कुठं मोर्चा, उपोषण, रास्ता रोको असला की जाऊन अहवाल द्यायचा. अकरा महिन्यांचा करार, मग मुदतवाढ. मुलाखतीत साहेब हसून म्हणाले, "इतके दिवस लेखणी आमच्याविरुद्ध चालवली, आता आमच्या बाजूनं चालवा." मीही हसलो. सतरा वर्षं मी कोणाच्या बाजूनं चालवत होतो हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

घरात आनंद झाला. मेहुणीच्या लग्नाच्या बोलणीत "भाऊजी सरकारात आहेत" हे वाक्य दोनदा आलं. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत आली. गेटवरचा शिपाई पूर्वी मला "कोणाला भेटायचं?" विचारायचा, तो आता उठून उभा राहायला लागला, आणि मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं. पहिल्या महिन्यात तर मी काही काम नसताना दोन-दोनदा बाहेर जाऊन आत यायचो.

माझ्या आधी अहवाल लिहिणारा कारकून पाच ओळी लिहायचा. अमुक ठिकाणी, अंदाजे शंभर ते दीडशे इसम, अमुक मागणी, इतके वाजता शांततेत समाप्त. वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सादर. मला त्या पाच ओळींची कीव आली. मी लिहिला तो अहवाल दीड पानाचा होता. कोण काय बोललं, बायका कुठल्या बाजूला बसल्या होत्या, घोषणा कोणी दिल्या, आणि तळाशी, सतरा वर्षांच्या सवयीनं, उपस्थितांची नावं. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "वाचताना तिथं उभं असल्यासारखं वाटतं हो. असंच लिहीत जा. नावं तर फारच उपयोगी."

नागपूरच्या डेस्कनं माझ्या बातम्या इतकी वर्षं खालून कापल्या होत्या. आधी नावं जायची, मग माझ्या आवडीची वाक्यं. इथं पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत वाचत होतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. नावं कशाला उपयोगी, हे मी विचारलं नाही. माझं लिहिणं कोणी शेवटपर्यंत वाचत असेल, तर ते वेगळ्याच कामासाठी वाचत असेल, हे मला खरंच सुचलं नाही.

लोकांनाही फरक कळला नव्हता. मी मोर्चात दिसलो की जुन्यासारखंच "या ना जी, बसा" व्हायचं, चहा यायचा, चिठ्ठी यायची. मी आता पेपरात नाही, सरकारात आहे, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण कसं सांगितलं होतं? जसा माणूस बढती सांगतो तसं. ऐकणारे म्हणायचे, "वा! म्हनजे आता आपली गोस्ट सरळ वरतं जाईन." मी हो म्हणायचो.

मग त्या एजंटच्याच गावात रास्ता रोको झाला. धानाची मळणी आटोपली होती, लोक मोकळे होते, आणि रेतीच्या टिप्परांनी गावच्या रस्त्याची चाळण केली होती. शाळेला जाणारी पोरं धुरळ्यातून तोंडाला रुमाल बांधून जात. मी सकाळी दहाला पोचलो तेव्हा शंभरेक माणसं रस्त्यावर सतरंज्या टाकून बसली होती, टिप्परांची रांग उभी होती आणि त्यांचे ड्रायव्हर झाडाखाली गावकऱ्यांच्याच हातचे पोहे खात होते. इतकं शांत आंदोलन मी क्वचित पाहिलं आहे.

एजंट आनंदात होता. दुकान बंद करून डोक्याला पंचा बांधून आला होता. त्यानं मला हाताला धरून गर्दीत फिरवलं. मुलगी तेव्हा साकोलीला मावशीकडे होती. वनरक्षकाच्या भरतीत तिचं नाव निवड यादीत लागलं होतं, कागद तपासून झाले होते, फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. तरी पळण्याची सवय तुटू नये म्हणून ती मावशीकडेच राहून रोज मैदानावर जात होती. बापानं तिला व्हिडिओ कॉल लावला, फोन गर्दीवरून फिरवला आणि मग माझ्या तोंडापुढे धरला. "बोला तुमच्या पुतनीशी." ती मावशीच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "काय वनरक्षक मॅडम, वाघ दिसला का?" ती म्हणाली, "काका, आधी ऑर्डर तं दिसू द्या." आम्ही तिघंही हसलो.

दुपारी तहसीलचे अधिकारी आले, आश्वासन झालं, लोक उठले. निघताना एजंटनं चिठ्ठी माझ्या खिशात सरकवली. "पेपरातही देऊन द्या, अन् सरकारातही देऊन द्या. दोनीकडं नाव येऊ द्या गावाचं."

इथं मी थांबायला हवं होतं. सांगायला हवं होतं की बाबा रे, ही चिठ्ठी मला देऊ नकोस, मी आता तो नाही. पण माझ्या हातात त्यानं दिलेला चहाचा कप होता, शंभर माणसं मला आपला माणूस समजून पाहत होती, आणि ती शंभर माणसांची नजर मला सोडवेना. मी म्हटलं, "देतो."

ऑफिसात येऊन अहवाल टाइप केला. दीड पान झालं, मग यादी. चिठ्ठीत तेवीस नावं होती, वडिलांच्या नावासकट, एजंटच्या गोल अक्षरात. तेविसावं नाव 'कु.' लावून तिचं. मी तिच्याशी त्याच दिवशी बोललो होतो, ती साकोलीत कपडे वाळत घालत होती, हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. तरी मी ते नाव टाइप केलं. हात आपोआप चालले असं म्हणून सुटता येईल, पण ते खरं नाही. माझ्या मनात आलं होतं की असू दे, बापाला बरं वाटेल. गोपनीय अहवाल कोणत्या बापाला वाचायला मिळतो, एवढी साधी अक्कल मला तेव्हा सुचली नाही. सतरा वर्षं पेपरात घालवलेला माणूसच इतका मूर्ख असू शकतो.

पेपरलाही जुन्या सहकाऱ्यामार्फत बातमी पाठवली. ती तीन ओळींत आली, नावं कापून.

चार दिवसांनी वरून विचारणा झाली की रस्ता अडवला गेला तर कारवाई काय केली. कारवाई करायला नावं लागतात. त्या दिवशी तिथं इतरही यंत्रणांची माणसं होती, त्यांच्या कागदांत 'शंभर ते दीडशे अज्ञात इसम' होते. अज्ञात इसमाला नोटीस बजावता येत नाही. माझ्या अहवालात एकही अज्ञात नव्हता. तेवीस जणांवर गुन्हा नोंदवला गेला, आणि फाइलीत माझा अहवाल जोडला गेला. साहेब म्हणाले, "तुमच्यामुळे काम सोपं झालं."

एजंटचा पहिला फोन आला तेव्हा तो घाबरलेला नव्हता. उलट थोडा फुगलाच होता. "आमच्यावर केस झाली जी! गावासाठी केस म्हनजे काई लहान गोस्ट नोहे." गुन्ह्याच्या यादीत मुलीचंही नाव आहे हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते पडताळणीचा कागद परत आल्यावर कळलं. कागदावर एक ओळ होती: गुन्हा दाखल आहे.

दोघं माझ्या घरी आले. येताना नेहमीप्रमाणे पिशवीत नव्या धानाचे पोहे आणले होते. बायकोनं पिशवी घेतली, पाणी दिलं. तो खुर्चीच्या कडेला बसला आणि विचारायला लागला, "त्यायले नावं कोनं देली असतीन जी? तुमी आतमंदी आहा, तुमाले समजीन. मले तं वाटते टिप्परवाल्याईनं देली. नाईतं त्या पडलेल्या सरपंचानं. आमच्या पोट्टीचं नाव टाकाची काय गरज होती कोनाले? ती तं गावात नोहतीच." एकेका माणसाचं नाव घेऊन तो त्याच्यावर संशय घेत होता. मी तीन माणसांवर संशय घेऊ दिला. चौथ्याचं नाव निघालं तेव्हा मला राहवलं नाही. तो माणूस पूर्वी माझ्या बातम्यांसाठी उन्हातान्हात फिरला होता.

"माझ्या अहवालातून गेली," मी म्हटलं. "तुझ्या चिठ्ठीवरून."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता हा उठेल, शिव्या देईल, पोह्यांची पिशवी परत मागेल. त्यानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हनजे मीच लिहून देली ना. माह्याच हातानं." आणि थोड्या वेळानं, "तं मंग तुमीच लिहून देऊन टाका, ती नोहती म्हनून. तुमी तं बोलले होते तिच्याशी. सोपं हाये."

सोपंच होतं. एका कागदाचं काम. मी म्हटलं, "उद्याच देतो."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद लिहिला. चार ओळींचा. सदर अहवालातील तेविसाव्या क्रमांकाची व्यक्ती त्या दिवशी घटनास्थळी नव्हती, हे मला स्वतःला माहीत आहे, नाव नजरचुकीने समाविष्ट झाले. सही केली आणि साहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी वाचला, चहा मागवला आणि अतिशय सभ्यपणे बोलले. "द्या ना दुरुस्ती. कोण नाही म्हणतं? पण एक नाव नजरचुकीनं आलं तर बाकीची बावीस कशावरून बरोबर, असं कोणी विचारेल. तुम्ही सांगाल चिठ्ठीवरून घेतली. मग विचारतील, अहवाल डोळ्यांनी पाहून लिहिला की चिठ्ठी पाहून? आणि ती तिथं नाही हे माहीत असून लिहिलं, असं तर तुम्ही स्वतःच म्हणताय. मला काही नाही, मी पुढं पाठवतो. तुमची मुदतवाढ याच महिन्यात आहे ना?"

त्यांनी मला धमकी दिली असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी दिली नाही. कागद परत माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "विचार करा." मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

एजंट दर दोन दिवसांनी फोन करायचा. "झालं का जी?" मी म्हणायचो, "प्रक्रिया सुरू आहे." हे वाक्य मी वार्ताहर असताना अधिकाऱ्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी बातमीत त्याची टर उडवली होती. बायको एकदा म्हणाली, "देऊन का नाही टाकत?" मी विचारलं, "आणि मग?" तिनं मुलांच्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. तिला दोष देत नाही. तिनं विचारलं तरी होतं.

मग एजंटनं कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि वर दिला. चौकशी लागली. एका वेगळ्या अधिकाऱ्यापुढे आम्हाला बोलावलं: बाप, मुलगी, आणि अहवाल लिहिणारा मी. गावातले लोक साक्ष द्यायला तयार होते, पण ते स्वतःच आरोपी. मावशी नातेवाईक. त्यामुळे सगळं येऊन माझ्यावर थांबलं. अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, आणि तो अगदी दार उघडून विचारावा तसा विचारला. "तुम्ही सांगा. ही मुलगी त्या दिवशी तिथं होती का?"

मी म्हणालो, "गर्दी बरीच होती. सदर व्यक्ती उपस्थित होती किंवा नव्हती, हे निश्चितपणे सांगता येणार नाही."

सतरा वर्षांत इतकं निर्दोष वाक्य मी लिहिलं नव्हतं. टाइप करणाऱ्यानं ते एकदाही न थांबता उतरवून घेतलं. मुलगी मांडीवर फोन दोन्ही हातांनी धरून बसली होती. अधिकाऱ्यानं तिला विचारलं, "तुझ्याकडे काही पुरावा आहे का, बाळा? तू दुसरीकडे होतीस असा?" तिनं बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत म्हणाला, "नाई जी. काई नाई."

पुढचं आधी सांगून टाकतो. मला मुदतवाढ मिळाली. तिचं नाव गुन्ह्यात राहिलं. अशी प्रकरणं पुढे कधीतरी मागे घेतली जातात, हेही घेतलं जाईल, त्याची प्रेसनोट कदाचित मीच लिहीन. पण ठरलेल्या मुदतीत तिची पडताळणी निर्दोष होऊन आली नाही आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली. पुढच्या भरतीत तिचं वय बसत नाही. तिचे फॉर्म मी तपासलेले असल्यामुळे तिची जन्मतारीख मला पाठ आहे.

त्या दिवशी चौकशी संपल्यावर आम्ही तिघं एकदमच बाहेर आलो. टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण जिना एकच होता. सायकल स्टँडजवळ बाप पाणी प्यायला नळाकडे गेला. मुलगी थांबली. तिनं फोन उघडला आणि माझ्यापुढे धरला. त्यात त्या दिवशीच्या व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट होता. मोठ्या चौकोनात मी, हातात चहाचा कप, मागे सतरंज्यांवर बसलेले लोक. कोपऱ्यातल्या लहान चौकोनात ती, मावशीच्या अंगणात, खांद्यावर ओला टॉवेल. वर वेळ. हसताना मी चांगला दिसतो, असं तिनं तेव्हा बापाला म्हटलं होतं म्हणे, म्हणून काढून ठेवला होता.

"हे आत का नाही दाखवलंस?" मी विचारलं. असा प्रश्न विचारायची मला लाज वाटली नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

"बाबानं शपथ घातली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, काका खरं नाई बोलले तं मी दाखवतो. बाबा म्हने, हे दाखवलं तं काकाले माहीत असून खोटं लिहिलं असं होते, त्यायची नोकरी जाते. तुले अजून दहा भरत्या निघतीन. त्यायले या वयात कोन ठेवते?" ती रडत नव्हती. माझ्या चुका दाखवायची त्याच आवाजात बोलत होती. "मले वाटलं, तुमी बोलसान काका. शेवटपर्यंत वाटलं."

बाप तोंड पुसत आला. त्यानं आम्हा दोघांकडे आणि फोनकडे पाहिलं आणि पोरीनं सांगितलं हे त्याला कळलं. तो तिच्यावर रागावला नाही. पंच्यानं हात कोरडे केले आणि माझ्याजवळ येऊन हळू विचारलं, कोणी ऐकू नये असं.

"राहिली ना जी मंग नोकरी तुमची?"

हा टोमणा असता तर मी तो दोन्ही हातांनी घेतला असता. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, टोमणा सापडतो का म्हणून. नव्हता. तो काळजीनं विचारत होता. इतकं सोसून ती गोष्ट तरी पदरात पडली की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

"राहिली," मी म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला. मोहाडीची गाडी चुकू नये म्हणून दोघं घाईनं बसस्टँडकडे निघाले. मी जिना चढून वर गेलो. त्या दिवशीची प्रेसनोट पाचच्या आत द्यायची होती.